बाबा, अजून दोन किलो!

जिम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भिंतभर आरसा, कानात इअरफोन्स, शेकरमधलं प्रोटीन आणि ‘डिसेंबरपर्यंत अ‍ॅब्ज’ हा दरवर्षीचा संकल्प. पाय घासत चालणारे, उजवा हात थरथरणारे, वय वर्षं ६६चे काका या चित्रात कुठेच बसत नाहीत. पण वेट्सची खरी गरज कुणाला, असं मला विचाराल तर मी बिनदिक्कत या काकांकडे बोट दाखवेन. आपल्याला वेट्स हवेत टी-शर्ट फिट बसावा म्हणून. त्यांना हवेत कमोडवरून उठता यावं म्हणून.

हे काका म्हणजे माझे बाबा. तारापूर एमआयडीसीत ३४ वर्षं मेंटेनन्स फिटर. पंपाचं बेअरिंग गेलंय हे नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस. चेन पुलीवर मोटर चढवायची असली की शिफ्टमध्ये आधी यांची शोधाशोध व्हायची. गेली चार वर्षं त्यांना पार्किन्सन्स आहे. आम्ही राहतो बोईसरला. मी फ्रीलान्सर, त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस डहाणू लोकलने मुंबई आणि बाकीचे दिवस घरून काम, असा माझा शिरस्ता. साहजिकच बाबांची कोच व्हायची पाळी माझ्यावर आली. (भाऊ बेंगळुरूला असतो. तो व्हिडिओ कॉलवरून ‘कमॉन बाबा!’ म्हणतो. चालायचंच.)

पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. आपल्याकडचं ‘कंपवात’ हे नावही तेच सांगतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्यानेही याला थरथरीचा पक्षाघात अशाच अर्थाचं नाव दिलं होतं. पण थरथर हा यातला सगळ्यात जास्त दिसणारा आणि, बाबांच्या बाबतीत तरी, सगळ्यात कमी त्रास देणारा भाग. आमच्याकडे सुरुवात झाली ती सहीपासून. बँकेने चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. बाबांनी काउंटरवर उभं राहून पुन्हा सही केली, तीही जुळेना. अक्षर मुंगीएवढं झालं होतं. मग आईच्या लक्षात आलं, की चालताना यांचा उजवा हात हलतच नाही, अंगाला चिकटवल्यासारखा राहतो. मग चेहरा. जोकवर हसू उमटायला वेळ लागायला लागला. नातेवाइकांचं मत पडलं, की रिटायर झाल्यापासून हे जरा तिरसटच झालेत.

शेवटी मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टने त्यांना बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मूठ उघड-मीट करायला लावली, कॉरिडॉरमधून चालवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. यासाठी आपली नेहमीची ब्लड टेस्ट वगैरे काही नसते. डॉक्टर मुख्यतः बघून, तपासूनच ठरवतात.

आत होतं काय, तर मेंदूत खोलवर डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हातापायांवर लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्याही असतात. डोपामिन कमी पडलं की हालचाल सुरू व्हायलाच वेळ लागतो, आणि झाली तरी ती संथ आणि छोटी होते. स्नायू जागच्या जागी असतात, पण त्यांना वरून येणारी ऑर्डर मिळमिळीत असते. बाबांच्या भाषेत सांगायचं तर, ‘‘मोटर चांगली आहे गं, व्होल्टेज कमी येतंय.’’ आणि कमी व्होल्टेजवर फार दिवस चालवलेली मोटर शेवटी बिघडतेच, हे कुठलाही फिटर सांगेल. माणूस हलत नाही म्हणून स्नायू झिजतात, स्नायू झिजले म्हणून तो पडतो, एकदा पडला की घाबरून आणखी कमी हलतो.

त्यात आपल्या लोकांचा प्रेमळ सल्ला ठरलेला. ‘आता आराम करा भाऊ, खूप केलंत आयुष्यभर.’ बाबांना पाणी हातात, ताट हातात, रिमोटही हातात. सोफ्यावर त्यांच्या आकाराचा खड्डा पडला होता.

पण व्यायामाचा विषय आमच्या घरात निघाला तो बाबांमुळे नव्हे, आईमुळे. पार्किन्सन्समध्ये रात्री अंथरुणात कूस बदलणं फार जड जातं, हे मलाही आमच्या घरातच कळलं. ताठरलेलं अंग वळत नाही, चादर पायात अडकते आणि माणूस तसाच छताकडे बघत पडून राहतो. आई त्यांना वळवायला रात्रीतून तीनदा उठायची. दिवसा सोफ्यावरून उठवणं, कमोडवरून उठवणं, रिक्षातून उतरवणं वेगळंच. आईचं वजन ५२ किलो, बाबांचं ७४. ‘चेन पुलीशिवाय काही उचलायचं नाही, पाठ जाईल’ असं जो माणूस आयुष्यभर हाताखालच्या पोरांना ओरडत आला, त्याला ही बाई दिवसातून पंधरा वेळा नुसत्या हातांनी उचलत होती. तिच्याच पाठीचा एक्स-रे काढायची वेळ आली. त्या रात्री ओटा पुसता पुसता ती म्हणाली, ‘‘मी पडले ना, तर यांचं कोण करणार, ते ठरवून ठेव.’’ रडत वगैरे नव्हती. दूध किती घ्यायचं हे सांगावं, तशा आवाजात म्हणाली.

मग मी मास कॉमवाली कुठलीही मुलगी करेल तेच केलं. वाचत सुटले. इंटरनेटवर जादूचे काढे विकणारे ढिगाने भेटतात, ते बाजूला सारल्यावर एक कामाची गोष्ट सापडली. शिकागोचे डॅनियल कॉर्कोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक ट्रायल प्रसिद्ध केली. पार्किन्सन्सचे ४८ पेशंट्स, त्यांचे दोन गट. दोन्ही गटांना आठवड्यातून दोनदा व्यायाम, तोही दोन वर्षं. एका गटाला स्ट्रेचिंग, बॅलन्स, थोडी हलकी ताकद असा नेहमीचा मेन्यू. दुसऱ्या गटाला वेट्स, आणि जमायला लागलं की वजन वाढवायचं. सहा महिन्यांनी दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते. इथेच थांबले असते तर ‘काहीही करा, फरक पडतो’ असाच निष्कर्ष निघाला असता. पण दोन वर्षांनी, गोळीचा असर उतरलेला असताना तपासलं, तर हालचालींच्या स्कोअरमध्ये वेट्सवाले दुसऱ्या गटापेक्षा ७.३ पॉइंट्सनी पुढे होते.

ट्रायल लहान आहे, मान्य. वेट्स उचलल्यामुळे मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबतात, असंही त्यात कुठे सिद्ध झालेलं नाही. पण मला त्यातली ‘वजन वाढवायचं’ ही अट महत्त्वाची वाटली. २०२१ साली अमेरिकेतल्या पार्किन्सन्स फाउंडेशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी मिळून व्यायामाच्या शिफारशी काढल्या. त्यात चालणं-सायकलिंगसारखा दम लावणारा व्यायाम, बॅलन्स आणि स्ट्रेचिंग यांच्या बरोबरीने ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन ते तीन दिवस, एक दिवस सोडून, किमान अर्धा तास, असं स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे मात्र फाइलवर काय लिहून मिळतं? ‘हलका व्यायाम करा.’ या वाक्यातला ‘हलका’ हा शब्द मला प्रचंड खटकतो. गोळीच्या बाबतीत ‘थोडीशी गोळी घेत चला’ असं कुणी लिहीत नाही. तिथे मिलिग्रॅम असतात, वेळा असतात.

बोईसरच्या एका जिममध्ये विचारायला गेले. मॅनेजर पोरगा सज्जन होता. म्हणाला, ‘‘मॅडम, काकांना काही झालं तर?’’ त्याची भीती मी समजू शकते. पण मग त्याने सुचवलं काय, तर ‘‘ट्रेडमिलवर हळूहळू चालवा की!’’ ज्यांचा तोल जातो त्यांना सरकत्या पट्ट्यावर चढवायचं, आणि स्थिर खुर्चीत बसून पाय दाबायचं मशीन मात्र रिस्की! त्याचे आभार मानून निघाले.

तोडगा निघाला पालघरला. उमरोळी सोडलं की पुढचंच स्टेशन, तिथून रिक्षा. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी कुठलंही मशीन लावलं नाही. एक खुर्ची भिंतीला टेकवली, बाबांना हात छातीवर घडी करून बसायला सांगितलं आणि मोबाइलवर तीस सेकंदांचा टायमर लावला. हात न टेकता किती वेळा उठता? ६५ ते ६९ या वयाच्या पुरुषाने बाराच्या खाली केले तर पायांची ताकद कमी समजतात. बाबांनी पाच केले. सहाव्याला अर्धे उठले आणि मागे धपकन बसले. मॅडमनी वहीत ५ लिहिलं. बाबांनी मान लांब करून ते वाचलं. फिटरला एकदा रीडिंग दाखवलं, की तो स्वस्थ बसत नाही.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार हे आमचे दिवस. मॅडमकडे महिन्यातून दोनदा, बाकी सगळं घरी. आठला गोळी, पावणेनऊला व्यायाम. ही वेळ उगाच नाही ठरवलेली. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की बाबा ‘ऑन’ असतात, तेव्हा अंग मोकळं असतं. असर उतरला की ‘ऑफ’, मग शर्टचं बटणसुद्धा लागत नाही. वेट्स फक्त ‘ऑन’मध्ये. आणि जिममधल्या आपल्या भावंडांसाठी एक गंमत. प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरायला एकाच दाराशी रांग लावतात, त्यामुळे गोळीबरोबर प्रोटीन खाल्लं तर बऱ्याच पेशंट्समध्ये गोळीचा असर मंदावतो. म्हणून गोळी आणि उकडलेली अंडी यांच्यात आम्ही तास-दीड तासाचं अंतर ठेवतो. सातपाटीचं पापलेट घरात येतं त्या दिवशी आई घड्याळ बघूनच ताट वाढते.

व्यायाम म्हणाल तर सगळा घरगुती. मुख्य म्हणजे खुर्चीतून उठ-बस. मग ओट्याला हात टेकून पुशअप्स, खिडकीच्या ग्रिलला बांधलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणं, ओटा धरून टाचा उचलणं आणि सोसायटीच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी चढ-उतर. उठताना झटक्यात उठायचं, बसताना तीन आकडे मोजत हळू बसायचं, कारण यात नुसती ताकद पुरत नाही, ती पटकन वापरता यायला हवी. रेप्स बाबा मोठ्याने मोजतात. त्याने श्वास कोंडला जात नाही, शिवाय या आजारात आवाज बारीक होत जातो, त्यालाही व्यायाम. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना आता माहीत आहे, की पावणेनऊला बाबा बारापर्यंत मोजतात.

आणि वजन? पहिले काही दिवस बाबांचं स्वतःचंच पुरेसं होतं. मग मॅडम म्हणाल्या, आता दोन किलो. मी ऑनलाइन डंबेल्स बघत होते. बाबांनी मला थांबवलं आणि एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. दोन दिवसांनी दारात गोणपाटात गुंडाळलेल्या जुन्या एमएसच्या फ्लँजेस! घासून, कडा गोल करून, वर रेड ऑक्साइड मारून. प्रत्येकीवर बाबांनी खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर केलेलं वजन पेंटने लिहिलंय. त्या माझ्या कॉलेजच्या सॅकमध्ये जातात आणि सॅक बाबांच्या छातीशी. वजन वाढवायचा मॅडमचा नियम सोपा आहे. बाराचे दोन सेट, ओळीने दोन दिवस, नीट फॉर्ममध्ये जमले, की पुढची फ्लँज. आज दहा महिन्यांनी सॅक आठ किलोवर आहे.

हे वाचून लगेच आपापल्या बाबांच्या गळ्यात सॅक अडकवू नका, प्लीज. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली येऊ शकतं. आमच्या बाबांचं बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजल्याशिवाय मॅडमनी हातात काही दिलं नव्हतं. हाडं ठिसूळ असतील, हार्टचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी विचारायचं. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, चाकांची नको, फरशी कोरडी हवी. आणि शेजारी कुणीतरी हवंच, मोबाइल खाली ठेवून.

बोईसरला हा आजार म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘केमिकलमुळे झालं का हो?’ प्रश्न गैर नाही. पॅराक्वाट हे तणनाशक आणि ट्रायक्लोरोएथिलीन हे यंत्रांचं ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, यांचा पार्किन्सन्सच्या धोक्याशी संबंध दाखवणारी संशोधनं आहेत, आणि यावर आपल्याकडेही नीट काम व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण एका माणसाकडे बघून त्याला हा आजार कशामुळे झाला, हे सहसा सांगता येत नाही. बाबांना यात अजिबात इंटरेस्ट नाही. ‘‘कारण कळलं म्हणून बेअरिंग बदलून मिळणारे का?’’ म्हणतात आणि सॅककडे बोट दाखवतात.

दुसरा ठरलेला संवाद म्हणजे, ‘पण भाऊ तर किती दणकट होते!’ अहो, मुहम्मद अलीपेक्षा दणकट कोण होतं? १९८४मध्ये त्याच्या आजाराचं निदान झालं आणि १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत त्याने थरथरत्या हातांनी पेटवली, ते सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं. आधी कमावलेलं शरीर या आजारापासून वाचवेलच अशी काही गॅरंटी नसते.

मुंबई-पुण्यात या बाबतीत बरंच काही उभं राहिलंय. मुंबईत २००१ साली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी सुरू झाली. त्यांच्या सपोर्ट ग्रुप्समध्ये पेशंट आणि घरचे दोघंही येतात, एकत्र व्यायाम करतात, बोलतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पुण्याच्याच हृषीकेश पवार या कोरिओग्राफरने तर पेशंट्ससाठी डान्स क्लास घेतला. भारी आहे हे सगळं. पण बोईसरहून चर्चगेटकडे जायचं म्हणजे लोकलने अडीच तास, आणि ‘ऑफ’ झालेल्या माणसाला गर्दीत उतरवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. दर आठवड्याला ते शक्य नाही. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर ऑफिस जवळ आलं, कागदपत्रांची कामं सोपी झाली. बाबांसारख्यांना आठवड्यातून दोनदा एका खोलीत जमता येईल, एवढं काही आमच्या पाहण्यात अजून आलेलं नाही. एक हॉल, दहा भक्कम खुर्च्या आणि एक फिजिओ. खर्चाचा हिशेब बाबांनी मागच्या कॅलेंडरच्या पाठीवर करून ठेवलाय.

आता रिझल्टचं विचाराल. थरथर जशीच्या तशी आहे. दरवाजाच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, तेही तसंच. त्यासाठी फरशीवर लाल टेपच्या पट्ट्या मारल्यात, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय सुटतो. ते वेट्सचं काम नाही. मध्ये व्हायरल तापाने तीन आठवडे गेले, तेव्हा सॅक सहावरून थेट तीनवर आली आणि बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण तीस सेकंदांत पाचवरून अकरा झालेत. बारा हवेत, अजून झालेले नाहीत. कमोडवरून ते स्वतः उठतात. बहुतेक रात्री कूसही स्वतः बदलतात, आई जेमतेम एकदा उठते. काही रात्री एकदाही नाही. पहिल्यांदा असं झालं, तेव्हा तिने सकाळी उठल्या उठल्या आधी बाबांचा श्वास चालू आहे ना, ते बघितलं होतं.

सॅक दहा किलोची करायची का, यावर सध्या घरात वाद चालू आहे. बाबा म्हणतात करा. मॅडम म्हणतात, आठवरच थांबा आणि आधी जमिनीवरून उठायला शिका, कारण कधी ना कधी पडाल, तेव्हा तेच लागणार आहे. बाबांना ते पटलं, पण त्यांचं कारण वेगळं. चार वर्षं गणपतीची पूजा ते खुर्चीवर बसून करताहेत, आणि पाटावर बसल्याशिवाय पूजा केल्यासारखं वाटत नाही म्हणे. म्हणून आता शनिवारी सतरंजी अंथरतो. आधी गुडघ्यावर यायचं, मग एक पाय पुढे, मग स्टुलावर हात रोवून वर. स्टूल बाबांनी स्वतः उभं राहून बनवून घेतलंय, लोखंडी अँगलचं. हलता कामा नये, अशी त्यांची अट होती. हलत नाहीच. सतरंजीपाशी आणून ठेवायला मलाच दोन्ही हात लागतात.